अडाणी कोण?

(द्वितीय वर्ष, कला)

‘अडाणी’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. वर्गात वापरतो, कट्ट्यावर वापरतो, आणि जो आपल्या घराण्यातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेला असतो तो तर जरा जास्तच वापरतो. मी स्वतः हा शब्द एकदा माझ्या वहिनींना उद्देशून वापरला होता. त्याची मला आजही लाज वाटते. ती का वाटते हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

२०२२ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा अकरावीत होतो. पर्वतीच्या पायथ्याशी आमची वस्ती. वडील मार्केट यार्डात हमाली करतात, भाऊ बिगारी कामावर जातो, आई आणि वहिनी सहकारनगरच्या बाजूला धुणीभांडी करतात. त्या नोव्हेंबरात मुंबईला गोवंडी भागात गोवराची साथ पसरली होती. काही मुले दगावली होती. आमच्या घरी ती बातमी म्हणून आली आणि बातमी म्हणूनच गेली. डिसेंबरात माझ्या अडीच वर्षांच्या पुतण्याला ताप भरला. डोळे लाल झाले, नाक वाहू लागले, आणि चौथ्या दिवशी कानामागून उठलेले पुरळ अंगभर पसरले. शेजारच्या मावशींनी कडुनिंबाचा पाला आणून उशाशी ठेवला आणि बजावले, “अंगावर आलंय, आता सुई लावू नका.” दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या रात्री पोराला धाप लागली. गोवराचा न्यूमोनिया झाला होता. पुढचे नऊ दिवस तो सरकारी रुग्णालयात होता आणि आम्ही सगळे जिन्यात.

डॉक्टरांनी लसीकरणाचे कार्ड मागितले. नवव्या महिन्याचा गोवर-रुबेलाचा पहिला डोस झाला होता. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायच्या दुसऱ्या डोसचा रकाना कोरा होता. तो कोरा रकाना पाहून माझे डोके फिरले. सर्वांदेखत मी म्हणालो, “वहिनी, तुम्ही अडाणी त्या अडाणीच राहिलात!”

वहिनी तेव्हा काही बोलल्या नाहीत. पोरगा घरी आला, खेळू लागला, त्यानंतर एका संध्याकाळी त्यांनी ट्रंकेतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात रेशनकार्डाबरोबर ते लसीचे कार्ड जपून ठेवलेले होते. त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही शिकलेले आहात. आता माझंही जरा ऐकून घ्या.”

मी ऐकले ते असे. दुसऱ्या डोससाठी त्या एकदा नव्हे, तीनदा गेल्या होत्या. पहिल्यांदा गेल्या तेव्हा दवाखान्यात सांगितले, “आज मुलं कमी आहेत, एकासाठी बाटली फोडता येत नाही, पुढच्या वारी या.” पुढच्या वारी गेल्या तर पोराला सर्दी होती. “बरा झाला की आणा,” म्हणून परत पाठवले. तिसऱ्यांदा रांगेत उभ्या राहिल्या. नंबर लागला तेव्हा कार्डाला तेलाचा डाग आहे आणि ते नीट ठेवलेले नाही, यावरून बोलणी खावी लागली, आणि तोवर वेळ संपली. या तीन फेऱ्यांत तीन वेळा कामावर खाडा झाला. तिसऱ्या खाड्याला एका घरचे काम सुटले. “आणि भाऊजी, गोवराचं एकदा झालंच होतं की. पुन्हा तेच टोचायचं, तर का टोचायचं, हे मला कुणीच सांगितलं नाही. मला वाटलं, एकदा झालंय, आता राहिलं तरी चालेल.”

खरे सांगायचे तर, तेव्हा मलाही त्याचे कारण ठाऊक नव्हते. पहिला डोस नवव्या महिन्यात दिला जातो तेव्हा शंभरातील साधारण पंच्याऐंशी मुलांनाच संरक्षण मिळते. उरलेल्या पंधरांपैकी आपले मूल कोणते, हे कोणालाच दिसत नाही, म्हणून सगळ्यांनाच दुसरा डोस द्यावा लागतो. इतकी साधी गोष्ट! दोन वाक्यांत सांगता येते. पण ती दोन वाक्ये बोलायला तीन फेऱ्यांत कोणाला सवड मिळाली नाही. मग अडाणी कोण? न सांगितलेले जिला कळले नाही ती, की जे कोणी सांगितलेच नाही ते कळायला हवे होते म्हणून तिच्यावर ओरडणारा मी?

त्या दिवसापासून मी या विषयाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. ‘पालक मुलांना लस का देत नाहीत?’ असा प्रश्न आपण विचारतो, तेव्हा उत्तर पालकांच्या डोक्यात दडले आहे असे गृहीत धरतो. अंधश्रद्धा, अज्ञान, बेपर्वाई, ही उत्तरे आपल्या खिशात तयारच असतात. माझे म्हणणे असे आहे की बहुतेक वेळा उत्तर दवाखान्याच्या दारात असते. आईला तिथे कसे बोलावले, कसे उभे केले, काय सांगितले आणि कसे परत पाठवले, यावर पुढचा डोस ठरतो.

आकड्यांकडे पाहिले तरी हेच दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात एक ते दोन वर्षांच्या शंभर मुलांपैकी सर्व मूळ लशी पूर्ण झालेली मुले २०१५-१६ मध्ये सुमारे ५६ होती. २०१९-२१ मध्ये ती ७३ च्या वर गेली. पाच-सहा वर्षांत ही वाढ झाली, ती काही महाराष्ट्रातील आयाबाया अचानक शहाण्या झाल्या म्हणून नव्हे. लस त्यांच्यापर्यंत पोहोचवणाऱ्यांचे हात वाढले म्हणून. जी उरली, त्यातली किती मुले मुद्दाम लस नाकारणाऱ्यांची आणि किती माझ्या वहिनींसारख्या हेलपाटे घालून थकलेल्यांची? ऊस तोडायला कोयता घेऊन सहा महिने गाव सोडणाऱ्यांची, वीटभट्टीवर राहणाऱ्यांची, बांधकामावरून बांधकामावर फिरणाऱ्यांची मुले त्यांत आहेत. ज्यांचा पत्ताच दर सहा महिन्यांनी बदलतो, त्यांच्या मुलाच्या पुढच्या डोसची तारीख कोणाच्या वहीत लिहायची?

कोणी म्हणेल, आईचे शिक्षण जसे वाढते तसे लसीकरणाचे प्रमाणही वाढते, हे पाहणीतून सिद्ध झाले आहे. मग अज्ञान हेच कारण नव्हे का? प्रमाण वाढते हे खरे आहे. पण शिक्षण त्या आईला नेमके काय देते याचा विचार करा. जंतू आणि प्रतिकारशक्ती यांची माहिती देते, हे आहेच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते तिला विचारण्याचे धाडस देते. “बाटली का फोडता येत नाही? किती मुलं लागतात? मग मी नेमकी कधी येऊ? तुमचा फोन नंबर द्या,” असे ती विचारते. शिकलेल्या बाईला परत पाठवणे अवघड जाते. माझ्या वहिनींना परत पाठवणे सोपे होते, म्हणून त्या तीनदा परत आल्या.

यात बाटलीचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. गोवर-रुबेलाची लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते. एका बाटलीत पाच किंवा दहा मुलांची लस असते, आणि द्रावण मिसळले की ती चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. लस वाया जाऊ नये ही दवाखान्याची काळजी मी समजू शकतो. पण वाया गेलेली लस महाग की परत गेलेले मूल महाग, याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे. आमच्या घरी नऊ दिवसांत जे खर्च झाले त्यात किती बाटल्या आल्या असत्या! सर्दीचे तर कारणच नव्हते. साध्या सर्दी-खोकल्यात किंवा किरकोळ तापात लस देता येते, हे आता मला ठाऊक आहे. तेव्हा वहिनींना ठाऊक असते तर त्या दारातून हलल्या नसत्या.

न सांगण्याचे परिणाम दुसऱ्या बाजूनेही होतात. बीसीजी टोचल्यावर काही आठवड्यांनी दंडावर फोड येतो, त्यात पू होतो आणि व्रण राहतो. हे अपेक्षितच असते. जुने लोक जिला त्रिगुणी लस म्हणत, ती घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची लस आता पंचगुणी झाली आहे. ती दिल्यावर मांडी सुजते, एक-दोन दिवस ताप येतो. आधी सांगितले तर आई पोराला मांडीवर घेऊन रात्र काढते. न सांगितले तर सकाळी नळावर तीच आई सांगते, “चांगलं पोर नेलं आणि आजारी करून आणलं.” नळावरची ही बातमी दुपारपर्यंत सगळ्या वस्तीत फिरते. अफवा म्हणतात ती बहुधा अशीच जन्मते. खऱ्या अनुभवातून, ज्याचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो. शिवाय त्या तापाचा दुसरा दिवस म्हणजे पुन्हा खाडा. लस फुकट आहे असे आपण म्हणतो, पण रोजंदारीवरच्या बाईला ती दोन दिवसांच्या मजुरीला पडते.

आमच्या वस्तीतील त्या कडुनिंबाच्या पाल्यालाही मी पूर्वी हसत असे. आता तितका हसत नाही. माझी आजी करमाळ्याकडची. तिच्या डाव्या दंडावर दोन गोल व्रण होते. ती सांगायची, “देवी काढणारा आला की आम्ही कणगीमागं लपायचो.” आपली भाषा पाहा: रोगालाही ‘देवी’ आणि तो टाळणाऱ्या टोचणीलाही ‘देवी काढणे’! ज्या लोकांनी त्या रोगाला देवता मानले, त्यांनीच ती टोचणी आपल्या शब्दांत सामावून घेतली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला हिंदुस्थानातील पहिली देवीची लस टोचली गेली आणि तिथून ती लस पुण्यालाही आली. त्या काळी एका मुलाच्या दंडावरील फोडातली लस काढून दुसऱ्याच्या दंडात घालत. कोणाची जात कोणती, कोणाला कोणता आजार, या भयाने लोक मुले लपवीत. आजचे आपण त्या आयांच्या जागी असतो तर काय केले असते? तरीसुद्धा पावणेदोनशे वर्षांत देवीचा रोग देशातून गेला; भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली जगच देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. लपणाऱ्या मुलींपर्यंतही कोणीतरी चिकाटीने पोहोचले, म्हणूनच ना आजीच्या दंडावर ते व्रण होते?

मग सक्ती का करू नये? आमच्या वर्गातील एक मित्र नेहमी म्हणतो, “लस नाही तर रेशन नाही, लस नाही तर शाळेत प्रवेश नाही. बघ कसे रांगेत येतात ते!” हा विचार वरवर पटण्यासारखा आहे. पण पुणेकराने तरी तो उच्चारण्यापूर्वी १८९७ साल आठवावे.

त्या वर्षी प्लेगच्या साथीत पुण्याने दोन रस्ते पाहिले. एक रस्ता रँडसाहेबाचा. गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घराघरांत शिरल्या, देवघरापर्यंत गेल्या, माणसांना ओढून छावण्यांत नेले, सामान जाळले. हेतू साथ रोखण्याचा होता, हे नाकारता येत नाही. पण परिणाम काय झाला? लोक रोगापेक्षा तपासणीला भिऊ लागले, आजारी माणसे लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

दुसरा रस्ता सावित्रीबाईंचा. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना थाटला होता. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तेथे आणीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, असे सांगतात. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. साथ तीच, शहर तेच. एका रस्त्यावर शिपाई घरात शिरत होते. दुसऱ्यावर एक म्हातारी बाई पोर पाठीवर घेऊन चालत होती. ज्या दवाखान्याकडे ती चालत होती, तिथे लोक विश्वासाने जात होते.

सक्तीचा अनुभव परक्या सरकारपुरताच मर्यादित आहे असेही नाही. इंग्लंडने १८५३ साली आपल्याच मुलांसाठी देवीची लस सक्तीची केली. गरीब आईबापांना दंड होऊ लागला, तुरुंग दाखवला जाऊ लागला, आणि १८८५ साली लेस्टर शहरात हजारो लोक लशीविरुद्ध रस्त्यावर उतरले. शेवटी १८९८ मध्ये सरकारला सवलत द्यावी लागली. आपल्याकडे आणीबाणीत नसबंदीची जी सक्ती झाली तिचे भय तर अजून गेलेले नाही. उत्तर प्रदेशात ‘पोलिओच्या थेंबांनी मुले होत नाहीत’ ही अफवा पसरली. ती उगाच नव्हती पसरली. सरकारी माणूस दारात येतो तो कशासाठी, याची जुनी जखम तिच्यामागे होती. तिथे शेवटी काय कामी आले? दंड नव्हे. मोहल्ल्यातल्याच बायकांना बरोबर घेतले, मशिदीतून आवाहन झाले, तीच तीच दारे पुन्हा पुन्हा ठोठावली. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात पोलिओचा एकही नैसर्गिक रुग्ण सापडला नाही, आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला.

आणि अडाणीपणाचेच बोलायचे तर शिकलेल्यांचाही हिशेब व्हायला हवा. १९९८ साली इंग्लंडमध्ये वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरने अवघ्या बारा मुलांच्या आधारावर गोवराच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवला. तो निबंध खोटा ठरून २०१० मध्ये मागे घेतला गेला. पण दरम्यान लस टाळली ती कोणी? इंग्रजी वाचता येणाऱ्या, गाडीतून दवाखान्यात जाऊ शकणाऱ्या आईबापांनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी लस टाळण्याची तीन कारणे सांगितली आहेत: विश्वास नसणे, रोगाचे भय न उरणे आणि सोय नसणे. माझ्या मते आमच्या वस्तीत तिसरे कारण मोठे आहे आणि सोसायट्यांमध्ये दुसरे. ज्यांनी पोलिओने वाळलेला पाय पाहिला नाही, घटसर्पाने घुसमटलेले मूल पाहिले नाही, त्यांना लशीचा ताप रोगापेक्षा मोठा वाटू लागतो. रोग लशीमुळे गेला आणि रोग गेला म्हणून लस नकोशी झाली! सहकारनगरच्या ज्या घरी वहिनी भांडी घासतात, तिथल्या बाईंनी ‘नैसर्गिक प्रतिकारशक्ती’ म्हणून नातवाचा एक डोस टाळला होता. त्यांना मात्र कोणी अडाणी म्हणाले नाही. त्यांच्या नकाराला ‘मत’ म्हणतात आणि वहिनींच्या हेलपाट्यांना ‘अज्ञान’.

गोवर मात्र असा भेद करत नाही. एक रोगी बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो, आणि साथ थांबायची तर शंभरातील पंच्याण्णव मुलांचे दोन्ही डोस झालेले असावे लागतात. म्हणजे बंगल्यातील टाळलेला आणि वस्तीतील राहिलेला, दोन्ही डोस एकाच हवेत मोजले जातात.

माझ्या पुतण्याचा जन्म कोरोनाच्या वर्षातला. २०२० आणि २०२१ मध्ये सर्व लक्ष एका रोगाकडे लागले आणि नेहमीच्या लशींची घडी विस्कटली. त्याचे पडसाद २०२२ च्या गोवरात उमटले. योगायोग पाहा. १९६६ साली स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट याच हडपसरला आहे. मात्रांच्या संख्येत ती जगातील सर्वांत मोठी लस बनवणारी संस्था. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिथून कोरोनाच्या लशीचे पहिले ट्रक निघाले तेव्हा साऱ्या पुण्याची मान उंचावली. माझीही उंचावली. गोवराची लसही तिथे बनते आणि देशोदेशी जाते. हडपसर आमच्या वस्तीपासून एका बसच्या अंतरावर आहे. लस समुद्र ओलांडून जाते, पण शेवटची दोनशे पावले, म्हणजे दवाखान्याच्या दारापासून वहिनींच्या कडेवरच्या पोरापर्यंतची, ती चालू शकली नाही. ती पावले यंत्राने चालता येत नाहीत. ती माणसालाच चालावी लागतात.

ती पावले चालली गेली की काय होते, हेही मी अनुभवले आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रभर शाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली. मी सातवीत होतो. शाळेने घरी चिठ्ठी दिली. वडिलांना वाचता येत नाही, म्हणून ती मीच वाचून दाखवली. त्याच आठवड्यात मोबाइलवर ‘या सुईने मुले दगावतात’ असा निरोप फिरत होता. आई घाबरली. आमच्या वर्गशिक्षिका दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वस्तीत आल्या, आमच्या उंबऱ्यावर बसल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, “माझ्या मुलीलाही परवा हीच लस देणार आहे. थोडं अंग दुखेल, घाबरू नका.” बस्स! वडिलांनी अंगठा उठवला. जंतूंविषयी त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या. त्या आल्या होत्या, आणि त्यांनी आमच्याच भांड्यातला चहा घेतला होता. एवढ्याने मोबाइलवरचा निरोप हरला.

परिचारिका आणि आशाताई यांच्यावर सगळा दोष ढकलण्याचा माझा हेतू नाही. एका ताईच्या माथ्यावर किती घरे, किती नोंदवह्या असतात, हे मी राष्ट्रीय सेवा योजनेतून पोलिओ रविवारी त्यांच्याबरोबर फिरताना पाहिले आहे. घराच्या दारावर खडूने इंग्रजी ‘पी’ लिहिले म्हणजे त्या घरची सर्व मुले झाली. ‘एक्स’ लिहिले म्हणजे कोणी राहिले. एका ताईंनी मला शिकवले, “एक्सच्या घरावर रागवायचं नाही. एक्स म्हणजे आपल्याला पुन्हा यायचंय.” मला वाटते, हे वाक्य प्रत्येक दवाखान्याच्या दारावर लिहावे. कोरा रकाना हा आईचा गुन्हा नव्हे. ती आपली राहिलेली फेरी आहे.

आपण विद्यार्थी यात काय करू शकतो? भाषणे नकोत, पथनाट्येही पुष्कळ झाली. लसीकरणाच्या वारी आपल्यापैकी दोघांनी दवाखान्याच्या बाकावर बसावे. कार्डावर पुढची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी आणि आदल्या दिवशी त्या घरी आठवण करावी. लस कोणती, कशावरची, ताप आला तर काय करायचे, पुन्हा कधी यायचे, एवढे सांगावे. ज्यांना रजा मिळत नाही त्यांच्यासाठी संध्याकाळी किंवा रविवारी लस द्यावी, आणि एकच मूल आले तरी बाटली फोडावी, अशी मागणी आपण नगरसेवकाकडे आणि महापालिकेकडे करावी. मागणी कशी लिहायची हे आपल्याला येते. माझ्या वहिनींना येत नाही. आपल्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग व्हावा, नाही तर हे चार वर्ग शिकून आपण फक्त आपल्याच माणसांना अडाणी म्हणायला शिकलो, असे होईल.

पुतण्या आता बालवाडीत जातो. त्या आजारानंतर वहिनी त्याला दुसऱ्या डोससाठी घेऊन गेल्या, तेव्हा मी बरोबर होतो. मी फारसे काही केले नाही. नर्सबाईंना एवढेच विचारले, “ही लस कशावरची, आणि पुढची कधी?” त्यांनी हसून सगळे नीट सांगितले. परतताना वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं त्यांनी.” त्या हे कौतुकाने म्हणाल्या. मला मात्र ते लागले.

न विचारताही सांगितले जाईल, तो दिवस आणणे हे आपले काम आहे.